नकाशावरचं विमान चुकतं, तेव्हा चूक कुठे शोधायची?

गच्चीवर छोटा अँटेना, त्याला जोडलेला यूएसबी डोंगल आणि रास्पबेरी पायसारखा लहानसा संगणक. एवढ्या सामग्रीवर आकाशातल्या विमानांचा माग घरबसल्या घेता येतो. विमानातला ट्रान्सपॉन्डर 1090 मेगाहर्ट्झवर आपली ओळख, उंची, स्थान आणि वेग सतत सांगत असतो. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. एक संदेश 112 बिटांचा असतो आणि 120 मायक्रोसेकंदांत संपतो. रिसीव्हर तो पकडतो, सॉफ्टवेअर उलगडतं आणि नकाशावर विमान उमटतं.

मग एखाद्या दिवशी आकडे वेड्यासारखे वागू लागतात आणि हौशी माणूस थेट नवा अँटेना मागवतो. ही घाई करू नये. चूक विमानात असू शकते, हवेतल्या गोंगाटात, गच्चीवरच्या जोडणीत, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये किंवा ज्या डेटाबेसमधून नावं-मार्ग येतात त्यात. ती जागा आधी ओळखली, तर बऱ्याच दुरुस्त्या एक रुपयाही न खर्चता होतात.

गैरसमज 1 : उतरलेलं विमान हवेत दिसतं, म्हणजे रिसीव्हर बिघडला.

वस्तुस्थिती : विमान जी उंची कळवतं ती मुख्यतः हवेच्या दाबावरून काढलेली असते आणि त्यासाठी समुद्रसपाटीचा दाब कायम 1013.25 हेक्टोपास्कल धरलेला असतो. प्रत्यक्षातला दाब रोज बदलतो. पावसाळ्यात मुंबईत तो 1003 च्या आसपास उतरला, की हिशेबात 10 हेक्टोपास्कलचा फरक पडतो. समुद्रसपाटीजवळ दर हेक्टोपास्कलला साधारण 27 फूट धरले, तर सुमारे 270 फूट झाले. म्हणजे जमिनीला टेकायच्या बेतात असलेलं विमानही आपल्या पडद्यावर 300 फुटांच्या घरात दिसणार. हिवाळ्यात दाब वाढला की हीच तफावत नाहीशी होते, कधी उंची शून्याखालीही जाते. वैमानिक उतरण्यापूर्वी स्थानिक दाब आपल्या उंचीमापकावर लावून घेतो. प्रक्षेपित होणारी उंची मात्र प्रमाण दाबावरचीच राहते. सर्व विमानांच्या उंचीत सारखाच फरक दिसत असेल, तर रिसीव्हरला हात लावू नका. त्या वेळचा विमानतळावरचा दाब पाहा.

गैरसमज 2 : विमान नकाशावर उड्या मारतं किंवा दिसतच नाही, म्हणजे सिग्नल कमकुवत.

वस्तुस्थिती : आधी सेटिंगमधले आपले अक्षांश-रेखांश तपासा. जागा वाचवण्यासाठी एडीएस-बी संदेशात स्थान पूर्ण लिहिलेलं नसतं. ते ‘सम’ आणि ‘विषम’ अशा दोन प्रकारच्या संदेशांतून आळीपाळीने येतं. दहा सेकंदांच्या आतली अशी जोडी मिळाली, की सॉफ्टवेअर पूर्ण स्थान काढतं. जोडी नसेल, तर जवळचा एखादा ठाऊक बिंदू आधाराला लागतो. विमान जमिनीवर असेल, तर हा आधार बहुधा रिसीव्हरच्या स्थानाचाच असतो. तेच चुकीचं भरलं असेल, तर उत्तरही चुकतं.

पुण्याचं उदाहरण घ्या. अक्षांश 18.52 आणि रेखांश 73.85. भरताना हे दोन आकडे उलटसुलट झाले, तर तुमचा रिसीव्हर नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन बसतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कमाल पल्ल्याची मर्यादा घातलेली असते. मग पुण्यावरचं प्रत्येक विमान ‘पल्ल्याबाहेर’ ठरून त्याचं स्थान फेकून दिलं जातं. यादीत विमानं भरपूर, संदेश धो-धो येताहेत आणि नकाशा मात्र कोरा, अशी अवस्था दिसली की संशय आधी इथे घ्यावा.

गैरसमज 3 : गेन जितका जास्त, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : गेन हद्दीबाहेर वाढवला, तर जवळच्या विमानाचा जोरदार सिग्नल डोंगलला झेपत नाही आणि संदेश विद्रूप होतो. लांबची विमानं दिसतात, पण डोक्यावरून जाणारंच गायब होतं. हे लक्षण ओळखून ठेवा. शहरात आणखी एक अडचण असते. मोबाइल टॉवर 900 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या 1090 च्या शेजारीच, मोठ्या ताकदीने प्रक्षेपण करतात. अशा ठिकाणी नुसता ॲम्प्लिफायर लावला, तर विमानांबरोबर टॉवरचा गोंगाटही वाढतो. 1090 चा फिल्टर लावा, गेन एकेक पायरी खाली आणा आणि प्रत्येक पायरीवर पुरेसा वेळ आकडे पाहा.

गैरसमज 4 : टीव्हीची केबल या कामाला चालत नाही.

वस्तुस्थिती : अँटेना 50 ओहमचा आणि केबल 75 ओहमची, यामुळे होणारं नुकसान नगण्य, सुमारे 0.2 डेसिबल असतं. खरं नुकसान केबलच्या लांबीमुळे आणि दर्जामुळे होतं. दहा मीटर बारीक आरजी-58 केबलमध्ये सिग्नलची बहुतेक ताकद वाटेतच संपते; तेवढ्याच लांबीच्या चांगल्या आरजी-6 टीव्ही केबलमध्ये नुकसान त्याहून पुष्कळ कमी. त्याहून मोठा शत्रू म्हणजे कनेक्टरमध्ये शिरलेलं पावसाचं पाणी. पहिल्या पावसानंतर पल्ला घसरला, तर गच्चीवर जाऊन जोड उघडून पाहा.

वीजपुरवठाही तपासा. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक वायर यांवर रास्पबेरी पाय चालतो, पण व्होल्टेज 4.63 च्या खाली गेलं की तो कमी दाबाचा इशारा देतो. डोंगल मध्येच तुटतो, नमुने गळतात आणि दोष उगाच अँटेनाच्या माथी बसतो.

गैरसमज 5 : यादीत अनोळखी देशाचं विमान आलं, म्हणजे काहीतरी गुप्त उड्डाण.

वस्तुस्थिती : ते विमान बहुधा अस्तित्वातच नसतं. प्रत्येक विमानाला 24 बिटांचा सांकेतिक पत्ता असतो. भारतीय विमानांचा पत्ता 8 ने सुरू होतो. एडीएस-बी संदेशाच्या शेवटी 24 बिटांची पडताळणी असते, म्हणून तो सहसा खोटा ठरत नाही. रडारला दिलेल्या काही उत्तरांत मात्र पत्ता आणि पडताळणी एकमेकांत मिसळलेली असतात. तिथे गोंगाटातूनही पत्त्यासारखा आकडा निघू शकतो. बिघडलेले बिट दुरुस्त करण्याचं सेटिंग फार आक्रमक ठेवलं, तर अशी भुतं वाढतात. एक-दोनच संदेश, ना स्थान, ना उड्डाण क्रमांक, ही त्यांची खूण.

गैरसमज 6 : स्थान चुकलं, म्हणजे चूक माझ्याकडेच.

वस्तुस्थिती : विमान स्वतःला जिथे समजतं तेच कळवतं. जीपीएसमध्ये कोणी खोटा सिग्नल घुसवला, तर विमानच फसतं आणि तुमचा रिसीव्हर ते प्रामाणिकपणे दाखवतो. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, जीपीएस हस्तक्षेपाच्या 465 घटना नोंदल्या गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं आहे. काही जुनी विमानं जीपीएसऐवजी जडत्वावर चालणाऱ्या यंत्रणेचं स्थान पाठवतात. त्यांचा मार्ग खऱ्या वाटेपासून काही किलोमीटर सरकलेला दिसतो. एकच विमान चुकत असेल आणि बाकीची नीट असतील, तर दोष तुमचा नाही.

गैरसमज 7 : ‘कुठून कुठे’ चुकलं, म्हणजे संदेश चुकीचा आला.

वस्तुस्थिती : एडीएस-बी संदेशात मार्ग नसतोच. उड्डाणाचं सांकेतिक नाव येतं, तेही विमानात भरलेलं आणि जास्तीत जास्त आठ अक्षरांचं. शहरांची नावं डेटाबेसमधून जोडली जातात. डेटाबेस जुना, तर मार्ग चुकीचा.

शेवटी एक विनंती. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलाची तारीख लिहून ठेवा आणि पूर्ण दिवसाचे आकडे पाहून मगच पुढचा बदल करा. तुम्ही आपला डेटा इतरांना देत असाल, तर ही शिस्त अधिकच हवी. स्थान न सांगणारी विमानं शोधायला निदान चार रिसीव्हरांच्या वेळा जुळवाव्या लागतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते, त्यामुळे तुमचं स्थान 300 मीटरने चुकीचं भरलेलं असेल, तर सगळ्यांचंच गणित बिघडतं. नवी खरेदी करण्याआधी आपले अक्षांश, रेखांश आणि अँटेनाची उंची आजच पुन्हा तपासून घ्या.