घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत

मातीच्या वस्तू विकणाऱ्यांचं वर्ष जेमतेम दीड महिन्याचं असतं. २०२५ मध्ये ते २२ सप्टेंबरला घटस्थापनेनं सुरू झालं आणि ५ नोव्हेंबरच्या त्रिपुरी पौर्णिमेला आवरलं. या काळात माझ्या टेबलावरचा माल आठ-दहा दिवसांनी बदलत गेला. आधी घट आणि परड्या, मग कोजागरीसाठी कुल्हड, मग पणत्या, किल्ल्यावरची चित्रं, उटण्याच्या पुड्या आणि शेवटी तुळशीवृंदावनं. माल बदलला तसे प्रश्नही बदलले. ‘ताई, हे उटणं बाळाला चालेल का?’, ‘या मडक्यात दही लावलं तर चांगलं ना?’, ‘काकू, मसाला दुधानं खोकला होतो का हो?’ पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून माल आणायचा, घरी रंगवायचा आणि विकायचा, एवढाच माझा धंदा. पण सणाची वस्तू घेताना लोकांना त्यामागचं ‘आरोग्याचं कारण’ही हवं असतं. म्हणून हंगाम संपल्यावर वही उघडली, तेव्हा विक्रीबरोबर सल्ल्यांचाही हिशेब मांडावा असं वाटलं.

त्या हिशेबाच्या मुळाशी पाऊस आहे. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला होता, आणि सप्टेंबर सरत आला तरी जायचं नाव घेत नव्हता. महिन्याच्या अखेरीस मराठवाड्यात आणि सोलापुरात पुरानं उभी पिकं नेली, कित्येक ठिकाणी शेतातली मातीही खरवडून नेली. त्यापुढे आमची अडचण किरकोळच, पण ती होती. मडकं चाकावरून उतरलं की आधी सावलीत आणि मग उन्हात खडखडीत वाळावं लागतं. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि मडकं फुटतं. वरून कोरडं दिसणारं मडकं आतून दमट असू शकतं, हे कुंभाराला बोटांनी कळतं; मला अजून कळत नाही. त्यामुळे घट उशिरा आले, पणत्यांचा पहिला हप्ता तर नवरात्र निम्मं सरल्यावर हाती पडला. घटस्थापनेच्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि चार गिऱ्हाइकांनी ‘आता स्वस्त करा की’ म्हणून घासाघीस केली. मातीची भांडी आणि पणत्या यांच्यावर आधीपासूनच कर नव्हता, हे समजावण्यात बराच वेळ गेला.

नवरात्रातला माझा सगळ्यात उपयोगी सल्ला कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही. तो असा, की रिकामं मडकं उपडं ठेवा. पाऊस अधूनमधून येत होता, गच्चीत आणि दारात ठेवलेली भांडी भरत होती. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे घट बसवायला आणून कोपऱ्यात विसरलेलं जास्तीचं मडकं दसऱ्यापर्यंत डासांचं पाळणाघर होऊ शकतं. ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. काहींना ती दिवे-घटांच्या मंगल खरेदीत अप्रस्तुत वाटली. वाटू दे.

दुसरी सूचना उपासाची. नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात जवळपास दरवर्षी येतात. दमट हवेत भगरीच्या पिठाला बुरशी लवकर धरते, म्हणून सुटं, जुनं पीठ घेऊ नये, भगर आणून घरी निवडावी, धुवावी आणि लागेल तेवढीच दळावी. एरवी सप्टेंबरअखेर हवा कोरडी व्हायला लागलेली असते, तेव्हा यात थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. या खेपेला निभावण्यासारखी हवा नव्हती.

इथेच मला आपल्या सणांचा आणि ऋतूंचा मेळ नीट दिसायला लागला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा अध्याय आहे. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदातल्या कडक उन्हानं उसळतं, म्हणून या दिवसांत कडू, गोड आणि तुरट खावं. साळीचा भात, मूग, आवळा, पडवळ खावं. दही, तेल, कडक ऊन आणि दुपारची झोप टाळावी, असा त्याचा सारांश. कोजागरीचं दूध या हिशेबात चपखल बसतं. नरक चतुर्दशीला पायाच्या अंगठ्यानं फोडून जिभेला लावायचं ते कारीट, तेही कडूच. पण हे सगळं उभं आहे ते एका गृहीतावर : पाऊस थांबलेला आहे आणि ऊन पडलेलं आहे.

६ ऑक्टोबरला कोजागरी आली तेव्हा राज्यातून मान्सून परतलेला नव्हता. कुल्हड मात्र झकास खपले. विकताना दोन गोष्टी बजावल्या. न रंगवलेला, साधा भाजलेला कुल्हड दुधासाठी एकदाच वापरा, कारण सच्छिद्र माती दूध शोषते आणि ते धुऊन पूर्ण निघत नाही. आणि नक्षीसाठी रंगवलेल्या मडक्यात खाण्यापिण्याचं काहीही ठेवू नका. शोभेचा रंग पोटात जाण्यासाठी केलेला नसतो. ‘मातीच्या भांड्यातलं सगळंच आरोग्याला चांगलं’ ही समजूत आमच्या धंद्याला सोयीची आहे; ती मी तशीच चालू ठेवली असती तर दह्यासाठी बरीच रंगीत मडकी विकली गेली असती.

देशातून मान्सून परतल्याचं हवामान खात्यानं १६ ऑक्टोबरला जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी वसुबारस! एरवी दसरा ते दिवाळी या काळात भाजून काढणारी ‘ऑक्टोबर हीट’ या वेळी घाईत आटोपली. पणत्या कशाबशा वाळल्या. त्या विकताना मी टेबलाशेजारी पाण्याची बादलीच ठेवली होती. नवी पणती पाण्यात सोडली की तिच्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. बुडबुडे थांबले म्हणजे मातीची तहान भागली. रात्रभर भिजवून, सावलीत निथळून मग तेल घातलं तर पणती तेल पीत नाही आणि तासाभरात विझत नाही. हे बघायला मुलं थांबायची, आणि मुलं थांबली की आईबापही थांबायचे.

मुलांची गर्दी त्या वर्षी किल्ल्यांमुळेही होती. ११ जुलैला महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी अशा बारा किल्ल्यांचं ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं, आणि बाल्कनीतल्या राजगडांना एकदम मान मिळाला. मावळे, तोफा, सिंहासन यांच्याबरोबर मी हळिवाच्या लहान पुड्या ठेवल्या. किल्ल्यावर पेरलेला हळीव दोन-तीन दिवसांत हिरवागार होतो. तोच हळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, गूळ-खोबरं घालून थंडीत लाडू करायचे. एकच पुडी, पण खेळ आश्विनातला आणि खाऊ मार्गशीर्षातला.

उटण्याचं मात्र जपून सांगावं लागलं. नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, आंबेहळद, संत्र्याची साल यांची पूड सुवासिक असते, तेल लावल्यावर अंगाचा मळ काढते, कातडी मऊ वाटते. एवढं खरं. गोरेपणा, वांग जाणं, रोगप्रतिकारशक्ती हे पाकिटावर छापायला मी नकार दिला. मनगटाच्या आत लावून दिवसभर बघा, तान्ह्या बाळाला आणि जखमेवर लावू नका, पाण्यात कालवलेलं ठेवू नका, अशी चिठ्ठी प्रत्येक पुडीत घातली. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं आणि दिवाळीतही पावसानं गाठलंच. फराळ, तळण, दमट हवा आणि फटाक्यांचा धूर एकत्र आल्यावर कसला कफ आणि कसलं पित्त! दम्याच्या माणसानं संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्यात आणि डॉक्टरांनी दिलेला पंप हाताशी ठेवावा, यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

तुळशीच्या लग्नाला आवळा, चिंच, ऊस आले आणि नोव्हेंबरच्या मध्याला खरी थंडी पडली. शार्ङ्गधर संहितेत कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यमदंष्ट्रा म्हणून सांगितले आहेत. यमाच्या दाढेतल्या या दिवसांत जो थोडं जेवतो तो जगतो, असा इशारा आहे. हंगाम आवरल्यावर आलेला हा एकच सल्ला हवेवर अचूक बसला. फराळाचे डबे तळाला गेलेले, हवा एकदम पालटलेली. दिवसभर उभं राहून आणि मातीत हात घालून माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यावर कोकणातून आलेलं कोकमाचं मुठेल कोमट करून चोळलं. विक्रीला ठेवलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा त्याचा गुण लवकर आला.

हिशेबाअंती माझं मत एवढंच झालं, की जुने सल्ले खोटे नाहीत. ते हवेला बांधलेले आहेत, कॅलेंडरच्या चौकटीला नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे सगळं जवळपास अडीच आठवडे पुढे. नवरात्र भर ऑक्टोबरच्या उन्हात येईल, तर कोजागरीचं दूध खऱ्या शरदात. पणत्या बहुधा वेळेवर वाळतील आणि दिवाळीत तेल-उटण्याला थंडीची साथ असेल. म्हणून या वर्षी कुंभाराला पणत्यांची मागणी आधी आणि मोठी दिली आहे, मुठेल प्रथमच विक्रीला ठेवणार आहे, आणि उटण्याच्या पुडीतल्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवली आहे : तारीख बघून सण करा, पण हवा बघून खा.