मैलापाण्याच्या नळावरची सुटकेची झडप

श्रोतेहो, या व्याख्यानमालेत आपण साहित्य ऐकता, अध्यात्म ऐकता, राजकारणही ऐकता. मी आज गटाराविषयी बोलणार आहे. कृपा करून नाक मुरडू नका. आज सकाळी आपण सर्वांनी मोरीतून जे पाणी सोडले, ते कुठे गेले याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला? मी इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाने दिले आणि पंपावर काम करणाऱ्या फिटर मंडळींनी दिले. त्यांच्याकडून जे शिकलो तेच सांगतो.

पाणी उताराने जाते. भुयारी गटारही उतारानेच वाहते आणि उतार धरता धरता खोल खोल जाते. आपल्या नाशकात सगळ्यांत सखल जागा म्हणजे गोदावरीचा आणि नासर्डीचा काठ. तिथवर आलेले मैलापाणी नदीत जाऊ द्यायचे नसेल, तर ते विहिरीत गोळा करून पंपाने उचलले पाहिजे आणि तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा शुद्धीकरण केंद्रांकडे धाडले पाहिजे. पंपापासून पुढे जो नळ जातो, त्यात पाणी उताराने नव्हे, दाबाने चढते. खरी गोष्ट इथे सुरू होते.

समजा, असा नळ दोन किलोमीटर लांब आहे. त्यात शेकडो टन पाणी एका वेगाने चालले आहे. एकाएकी वीज गेली. पंप थांबला, पण पाणी चटकन थांबत नाही. ते थोडे पुढे जाते आणि पंपाजवळचा दाब एकदम उतरतो. मग चढावरचे पाणी मागे फिरते आणि पंपापुढच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या बंद झडपेवर येऊन आदळते. यालाच पाण्याचा हातोडा म्हणतात. झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली याचे गणित मांडले. लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेले पाणी एकदम अडले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलोने वाढतो. दोन-तीन किलोच्या दाबावर रोज चालणाऱ्या नळाला हा घाव कसा सोसावा? सांधे निखळतात, जुना नळ फुटतो.

यावर उपाय आपल्या माताभगिनींच्या रोजच्या परिचयाचा आहे. प्रेशर कुकरची शिट्टी उचलली जाते, थोडी वाफ जाते, कुकर वाचतो. नळावरची सुटकेची झडप, कामगारांच्या भाषेत रिलीफ व्हॉल्व्ह, हेच करते. एक तबकडी स्प्रिंगने बैठकीवर दाबून धरलेली असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तबकडी उचलते, थोडे पाणी बाहेर पडते, आणि दाब उतरताच ती पुन्हा बसते. बाहेर पडलेले पाणी परत विहिरीतच सोडायचे; नाल्यात किंवा नदीत सोडले तर सगळा खटाटोप फुकट. दाब उतरतो त्या वेळी नळात पोकळी होऊ नये म्हणून उंचवट्यावर हवेची झडप बसवतात. ती या झडपेची जोडीदारीण आहे. एकीने दुसरीचे काम होत नाही.

स्वच्छ पाण्यावर ही झडप निमूटपणे काम करते. मैलापाण्यात मात्र चिंध्या, केस, वाळू आणि स्वयंपाकघरातले तेल असते. बैठकीत चिंधी अडकली की झडप गळू लागते; तेलाचा थर जमला की ती चिकटून बसते आणि वेळेला उघडत नाही. गळणारी झडप तरी डोळ्यांना दिसते. चिकटलेली दिसत नाही, म्हणून ती अधिक वाईट. म्हणूनच ठरल्या मुदतीने तिची चाचणी घ्यावी लागते. झडपेखालचा स्लुइस व्हॉल्व्ह नेहमी उघडा ठेवून त्याला कुलूप लावायचे. झडप खोलण्यापूर्वी पंप थांबवायचा, त्याचा वीजपुरवठा तोडायचा, हा स्लुइस व्हॉल्व्ह मिटायचा, अडकलेला दाब सोडायचा, काटा शून्यावर आल्याची खात्री करायची आणि मगच बोल्टला पाना लावायचा. बैठक धुवायची, रबराची कडी बदलायची, ठरलेल्या दाबाला ती उघडते का हे पाहायचे आणि तारीख घालून वहीत लिहायचे. गळती थांबावी म्हणून स्प्रिंग आवळायची नाही. तो शिट्टीवर वरवंटा ठेवण्याचा प्रकार आहे.

एका केंद्रावर नेमके हेच घडले. ते कोठले, हे सांगत नाही. झडप गळत होती. पाहणीला आलेल्या साहेबांना ओली फरशी आवडली नाही, म्हणून खालचा स्लुइस व्हॉल्व्ह मिटवला गेला. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि नळ सांध्यावर फुटला. घाण वस्तीत शिरली आणि नोटीस मिळाली ती रात्रपाळीच्या फिटरला! चौकशीत मी त्याच्या बाजूने बसलो होतो. मी फक्त वही मागितली. तिच्यात त्याच्या मोडक्या अक्षरात तीनदा लिहिले होते: झडप गळते, रबराची कडी पाहिजे. कडी आली नव्हती. त्या तीन ओळींनी त्याची नोकरी वाचली. तेव्हापासून प्रत्येक कामगाराला मी सांगतो की पाना जितका जपतोस तितकीच पेन्सिल जप.

आता सर्वांत महत्त्वाचे. अशा झडपा पुष्कळदा जमिनीखालच्या कोठडीत असतात आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून उतरणारा परत येत नाही, आणि पुष्कळदा त्याला काढायला धावलेला दुसराही येत नाही. म्हणून आधी हवा खेळवायची, यंत्राने वायू मोजायचा, कमरेला दोर बांधायचा आणि वर माणूस उभा ठेवायचा. गटारात माणसाला संरक्षक साधनांवाचून उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. पण भरपाई ही मेल्यानंतरची गोष्ट. वायू मोजण्याचे यंत्र त्याहून फार स्वस्त आहे.

आपण नागरिकांनी काय करावे? मोरीत चिंध्या आणि तेल टाकू नये, हे झालेच. दुसरे, आपल्या नगरसेवकाला एकदा विचारावे, ‘आमच्या भागातल्या उपसा केंद्रावरची झडप शेवटची कधी तपासली? वही दाखवा.’ कुंभमेळ्याला लाखो लोक रामकुंडात श्रद्धेने बुडी मारतात. ते पाणी राखण्यात आपल्या पूजेइतकाच त्या वहीचा आणि ती लिहिणाऱ्या माणसाचा वाटा आहे.