वाढदिवसाचं स्टिकर

मुलाचा वाढदिवस परदेशात करायचा, तर केक-सजावटीचं महागडं पॅकेज नको, असं माझं ठाम मत आहे. १९८३ साली सुरू झालेल्या टोकियो डिस्नीलँडमध्ये कर्मचाऱ्याला नुसतं सांगितलं, तरी मुलाचं नाव लिहिलेलं वाढदिवसाचं स्टिकर फुकट मिळतं. ते छातीवर दिसलं की इतर कर्मचारीही आपणहून शुभेच्छा देतात. चार-पाच वर्षांच्या जिवाला याहून मोठं कौतुक कोणतं? तिथे वयाच्या ३ वर्षांपर्यंत तिकीट लागत नाही, मग तेव्हाच का जाऊ नये, असं कुणी म्हणेल. पण मोठेपणी टिकणाऱ्या पहिल्या आठवणी बहुधा साडेतीनच्या आसपासच्या असतात, आणि दुसरा वाढदिवस झाला की विमानात स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. औक्षणाचं म्हणाल, तर हॉटेलच्या खोलीत निरांजन पेटवू नये. कुंकू मात्र बॅगेत सहज मावतं.