हेराक्लीसची गाठ

मुबारकिया बाजाराला लागूनच कुवेतचा सोन्याचा बाजार. तिथल्या एका दुकानाच्या माडीवर सावंतवाडीकडचे सोनारकाका काम करतात. त्या दिवशी त्यांच्यापुढे प्राचीन ग्रीक बांगडीचा फोटो होता. गिऱ्हाइकाला लेकीच्या लग्नात तशीच हवी होती, मध्यभागी हेराक्लीसची गाठ असलेली : दोन फासे एकमेकांत अडकलेले, ओढावेत तितके घट्ट बसणारे. रोमन वधूच्या कमरपट्ट्याला हीच गाठ असे आणि ती नवऱ्यानेच सोडायची.

काकांनी तार ओढायची जंत्री बाजूला सारली. "हिच्यातून ओढली की तारेवर उभ्या रेघा उठतात. जुन्या तारेवर बघ." भिंगाखाली फोटोतल्या तारेभोवती मळसूत्री चीर फिरत गेलेली दिसली. तेव्हा पट्टी कापून पिळत आणि मग घोळवत. काकांनी बावीस कॅरेटच्या पत्र्याची दोऱ्याइतकी पट्टी कापली, टोकं चिमट्यांत धरून पीळ दिला आणि दोन गुळगुळीत पाट्यांमध्ये ती घोळवू लागले. माझी आजी वात वळायची, अगदी तशी. पीळ बसला की सोनं कडक होतं, म्हणून मध्येमध्ये ताव द्यायचा. दोनदा पट्टी तुटली. काका काही बोलले नाहीत, नवी कापली.

मग रवे. सोन्याचे बारीक कातर कोळशाच्या भुकटीत तापवले की वितळून आपोआप गोल होतात. खसखशीहून लहान. ते डाखाने जोडले तर मधल्या फटी बुजतात आणि नक्षीचा जीवच जातो. म्हणून तांब्याचा क्षार डिंकात कालवून त्याने चिकटवायचे. धगीत डिंक जळतो, तांबं मोकळं होतं आणि जिथे टेकलंय तेवढ्याच जागी सोन्यात मिसळतं. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, हा सांधा सुमारे ९०० लाच धरतो. त्या क्षणी रव्यांवरून एक झळाळी सरकते. फुंकणी तेव्हाच थांबली पाहिजे.

मला फैलका आठवलं. शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या त्या बेटाला ग्रीक इकारोस म्हणत. १९३७ साली तिथे सापडलेल्या शिळेवर झ्यूस, पोसायडन आणि आर्टेमिस यांची नावं ग्रीक अक्षरांत आहेत. ही गाठ इथे परकी नाही, हे मी काकांना सांगितलं. "मग नीटच करायला हवी," ते म्हणाले.

दोन फासे एकमेकांत ओवून त्यांनी दोन्हीकडून सारखेच ओढले. बांगडी रिठ्याच्या पाण्यात घासून भिंगाखाली धरली. चीर स्पष्ट दिसत होती. पोऱ्याने पॉलिशसाठी हात पुढे केला, तेव्हा काकांनी मान हलवली आणि बांगडी तशीच मखमलीवर ठेवली.