रंगकाम व ठसेकाम: अक्षरापूर्वीचा अभ्यास

चित्रकाम म्हणजे अभ्यास आटोपल्यावर उरलेल्या वेळेची करमणूक, असा समज अनेक शाळांतून आढळतो. वस्तुतः लहान वयात तोच अभ्यास होय.

भेंडी आडवी कापून रंगात बुडविली व कागदावर दाबली, की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. रंग अधिक लागला तर आकृती फिसकटते, कमी लागला तर पुसट येते. कार्यकारणसंबंध बालकास असा हातानेच कळतो. भेंडी, पान, भेंडी, पान अशी ओळ भरताना क्रम व मोजणी यांचा पाया पडतो. शिक्षकाने बटाट्यावर सरळ कोरलेला ‘ग’ कागदावर उलटा उमटतो. अक्षरास उजवी-डावी बाजू असते, हे त्यावरून ध्यानी येते. बोटांची पकड, दाब व वळण यांचा येथे झालेला सराव पुढे पेन्सिल धरताना कामी येतो.

साहित्याची सबब सांगू नये. गेरू, हळद, कोळशाची पूड व बिटाचा रस हे रंग पुरेसे आहेत. तैलरंग मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत. रद्दी वर्तमानपत्र हा कागद, व टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी हा कुंचला. अशाच काडीने व तांदळाच्या पिठाने वारली स्त्रिया गेरूने सारवलेल्या भिंती चितारीत आल्या आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेही परिसरातील साध्या वस्तूंच्या आधारे.

माझ्या नोकरीच्या आरंभीची गोष्ट. एका मुलाने सारा कागद काळा केलेला पाहून मी त्यास रागावलो. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, आत आमचा बैल आहे. रात्र झालीय.” त्यानंतर कित्येक दिवस त्याने रंगास हात लावला नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती.

म्हणून शिक्षकांनी आठवड्यातून दोन तास तरी या कामास द्यावेत. फळ्यावरील चित्राची नक्कल करावयास लावू नये. मुलाच्या चित्रावर लाल खूण करू नये. “काय काढलेस, सांग पाहू,” असे विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहावे. आपले बोलणे लिहिता येते व लिहिलेले पुन्हा वाचता येते, हे त्यास त्या ओळीवरून प्रथम उमगते. वाचनाचा आरंभ तेथेच होतो.