दप्तरनाशाचे वेळापत्रक आणि त्याची स्थगिती

कोणत्याही मोठ्या संस्थेत कागद ठेवण्याचे नियम असतात, तसेच ते नष्ट करण्याचेही असतात. अमुक नोंद अमुक वर्षे राखावी व तदनंतर काढून टाकावी, असे ठरविणाऱ्या कोष्टकास जतनसूची म्हणता येईल. तीत गैर काहीच नाही. सर्वच कागद साठविणाऱ्या दप्तरात हवा तो कागद वेळेवर सापडत नाही. प्रश्न उद्भवतो तो वाद न्यायालयात जाण्याची चिन्हे दिसू लागल्यावर. त्या क्षणी संबंधित कागदांपुरता सूचीचा अंमल थांबवावा लागतो. यास नाशस्थगिती हे नाव सोयीचे होईल.

अमेरिकेतील आर्थर अँडरसन या लेखापरीक्षक संस्थेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. खटल्याचा संभव असल्यास संबंधित माहिती नष्ट होऊ नये, असे तिच्या धोरणातच नमूद होते. म्हणजे उणीव नियमात नव्हती. एन्रॉन कंपनीच्या (दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे ती महाराष्ट्रास परिचित आहे) व्यवहारांची रोखे-आयोगाने चौकशी आरंभिल्याचे ऑक्टोबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात अँडरसनच्या कर्मचाऱ्यांना जतनधोरण पाळण्याचे स्मरण देण्यात आले व कागदांचा चुरा होऊ लागला. आयोगाचे समन्स ८ नोव्हेंबरला आले. नाश थांबविण्याची सूचना दुसऱ्या दिवशी निघाली. एकाच धोरणाचा अर्धा भाग तत्परतेने पाळला गेला, उरलेला अर्धा कागदावरच राहिला.

जून २००२ मध्ये ज्यूरीने संस्थेस दोषी ठरविले. ३१ मे २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने रद्द केला. गैरकृत्याची जाणीव आणि विशिष्ट कार्यवाहीशी संबंध यांची आवश्यकता ज्यूरीस नीट सांगितली गेली नव्हती, हे त्याचे कारण. तोवर संस्था जवळजवळ संपुष्टात आली होती. दरम्यान २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्याने, संभाव्य चौकशीत अडथळा आणण्याच्या हेतूने अभिलेख नष्ट करणाऱ्यास २० वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली होती.

संगणकीय अभिलेखांत ही स्थगिती अधिक बिकट ठरते, कारण तेथे नाश हा बहुधा यंत्राचा नित्यक्रम असतो. न्यूयॉर्कमधील झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात वकिलांनी ई-पत्रे राखण्यास बजावले होते. तरीही काही कर्मचाऱ्यांनी ती पुसली आणि बॅकअपच्या काही फिती नाहीशा झाल्या. २००४ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी निर्णय दिला की, सूचना काढल्याने वकिलाचे कर्तव्य संपत नाही: ज्यांच्या हाती कागद आहेत त्यांच्याशी त्याने बोलले पाहिजे, सूचना वेळोवेळी पुन्हा दिली पाहिजे आणि ती पाळली जाते की नाही, यावर देखरेख ठेवली पाहिजे.