फाईल पेटीत, रुग्ण फडावर

दसरा-दिवाळीच्या सुमारास मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. बोचक्यात भांडी-अंथरुणे असतात. मधुमेहाची फाईल बहुधा घरच्या पेटीतच राहते. फडावर चक्कर आली, तर तिथल्या डॉक्टरांना आधीचे काहीच ठाऊक नसते. मग तपासण्या पुन्हा, औषधे अंदाजाने. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर हाच अंदाज जिवावर बेततो.

फाईलचा फोटो मोबाइलवर धाडला तर? डॉक्टर तो वाचतील, पण संगणकासाठी ते नुसते चित्र. साखर वाढते आहे की घटते, हे त्याला त्यातून उमगत नाही. शिवाय एक लॅब ‘एफबीएस’ लिहिते, दुसरी ‘फास्टिंग शुगर’. एककही वेगळे असू शकते: आपल्याकडचे १२६ मिलिग्रॅम म्हणजे अनेक देशांत ७ मिलिमोल!

यावर तोडगा म्हणजे सर्वांनी मान्य केलेली मानके. ‘लॉइंक’ या यादीत उपाशीपोटीच्या साखरेचा क्रमांक १५५८-६. लॅब बीडची असो वा बेळगावची. आजारांच्या नावांसाठी ‘स्नोमेड सीटी’ आहे. आणि ही माहिती कोणत्या साच्यात पाठवायची, ते ‘फायर’ ठरवते. अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘एचएल-सेव्हन’ संस्थेचे हे मानक. रुग्ण, तपासणी, औषध, ॲलर्जी असे त्याचे सुटे कप्पे असतात. हवा तेवढाच कप्पा मागता येतो.

२०२१ मध्ये देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन ‘फायर’वरच उभे आहे. रुग्णाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. नोंदी दिल्लीत एका जागी साठत नाहीत. ज्या रुग्णालयात झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णाने परवानगी दिली की दुसरीकडे दिसतात. मात्र ‘फायर’च्या पाकिटात स्कॅन केलेला कागदही घालता येतो. पाकीट प्रमाणित, आत पुन्हा चित्रच! नोंद करणाऱ्याने आकडे कप्प्यात भरले नाहीत, तर एवढ्या खटाटोपाचा निम्मा लाभ वाया.

आणखी एक अडचण घरातलीच. परवानगीसाठी लागणारा ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर बाईच्या नोंदी कोणी पाहायच्या हे ठरवणार कोण? आभा काढतानाच स्वतःचा नंबर द्यावा. आणि फडावर रेंज नसते, म्हणून औषधांची नावे, मात्रा व ॲलर्जी लिहिलेली एक चिठ्ठी बोचक्यात असू द्यावी.